मिठाच्या वाटेवरचा मुलूख

मुंबईहून नागपूरमार्गे हावड्यास जाणारा लोहमार्ग सुमारे १,९६८ किलोमीटर लांबीचा आहे, आणि त्याचा मध्य कोठे पडतो हे पाहण्यासाठी कोणी नकाशावर दोरी ताणून तिची बरोबर घडी घातली, तर ती घडी गोंदिया ओलांडून किंचित पूर्वेस, आमगाव-सालेकसाच्या बाजूस येऊन पडेल. लोहमार्गाच्या हिशेबाने पश्चिमेची मुंबई आणि पूर्वेचा हावडा यांच्या मधोमध, दोहोंपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर वसलेला असा हा मुलूख आहे. येथे पडणारे पावसाचे पाणी मात्र कोणालाही न विचारता समुद्राची वाट धरते. डोंगरातील ओहळ बाघ नदीस मिळतात, बाघ वैनगंगेस, वैनगंगा प्राणहितेच्या नावाने गोदावरीस, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास. महाराष्ट्राच्या ईशान्य टोकावरील ह्या सालेकसा तालुक्यातून निघालेला थेंब महाराष्ट्राच्या किनाऱ्याला कधीच शिवत नाही. माणसाची वाट पाण्याइतकी सरळ नव्हती, आणि ती कोणाच्या हाती होती ह्या एका प्रश्नाभोवती सालेकसाचा गेल्या दोन-अडीच शतकांचा इतिहास फिरत राहिला आहे.

आफ्रिका खंडात ज्यांना समुद्रकिनारा नाही अशी सोळा राष्ट्रे आहेत, आणि त्यांचा भूगोल शिकवताना पर्जन्य, पिके, लोक, राज्यव्यवस्था अशी प्रकरणे क्रमाने मांडण्याचा प्रघात असला, तरी त्या सर्व प्रकरणांच्या तळाशी एकच गोष्ट वाहत असते, ती म्हणजे समुद्राकडे जाणारी वाट. माली देशात तावदेनीच्या खाणींतून निघणाऱ्या मिठाच्या लाद्या उंटांच्या पाठीवरून तिंबक्तूस येत, आणि त्या मिठावर वाळवंटातील सत्ता उभ्या राहत. व्हिक्टोरिया सरोवराकाठचा युगांडाचा मुलूख जगाला जोडण्यासाठी इंग्रजांनी १८९६ साली मोंबासापासून लोहमार्ग घालावयास घेतला, तो १९०१ मध्ये सरोवरापर्यंत पोहोचला, आणि तो घालण्यासाठी हजारो मजूर हिंदुस्थानातून नेण्यात आले. झांबियाचे तांबे दक्षिणेच्या वाटेने जाईनासे झाले, तेव्हा चीनच्या साहाय्याने दार-एस-सलामपर्यंत १,८६० किलोमीटरचा नवा मार्ग बांधावा लागला. ह्या राष्ट्रांची नावे आपल्या वाचकाला दूरची वाटतील. परंतु आपल्याच राज्यात, समुद्रापासून तितकेच तुटलेले, अरण्याने तितकेच वेढलेले आणि बाहेरच्या वाटेवर तितकेच अवलंबून असलेले एक छोटे जग होते, आणि त्याची कहाणी सहाराच्या दक्षिणेकडील कोणत्याही भूवेष्टित देशाच्या कहाणीशी खांद्याला खांदा लावून उभी राहण्यासारखी आहे, असे मला मनापासून वाटते.

सालेकसाची भूमी दोन निरनिराळ्या प्रकृतींची बनलेली आहे. वायव्येकडे, आमगावच्या बाजूस, वैनगंगेच्या खोऱ्याचा सपाट धानाचा प्रदेश हळूहळू चढत येतो, आणि पूर्वेस व दक्षिणेस तो एकाएकी मैकलच्या फाट्यांना जाऊन भिडतो. त्या डोंगरांच्या पलीकडे छत्तीसगडचे मैदान पसरले आहे, उत्तरेस बालाघाट आहे, आणि अशा रीतीने हा तालुका आज तीन राज्यांच्या सांध्यावर उभा आहे. वर्षाकाठी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस येथे पडतो, त्याचा बहुतेक भाग मृगापासून हस्तापर्यंतच. जमिनीचे प्रकार ओळखण्यासाठी येथील शेतकऱ्याजवळ त्याचे स्वतःचे शब्द आहेत. काळी, भेगाळणारी ती कन्हार, तिच्याखालची मोरण, धानाला मानवणारी पिवळसर सिहार, आणि डोंगरपायथ्याची खडेमिश्रित ती बर्डी. डोंगरावर साग, येन, बीजा, मोह, तेंदू, चार आणि पळस यांचे मिश्र अरण्य आहे. दरेकसा स्थानकाजवळ लोहमार्ग डोंगराच्या पोटातील बोगद्यातून जातो, आणि त्या बोगद्यालगतच हाजरा धबधबा कड्यावरून कोसळतो. पावसाळ्यात रेल्वेच्या खिडकीतून त्याचे पांढरे पाणी क्षणभर दिसते आणि लगेच अंधार होतो. ज्याने तो क्षण अनुभवला आहे त्याला ह्या प्रदेशाचा स्वभाव निराळा सांगावा लागत नाही. मैदान आणि डोंगर यांमधले दार नेमके येथेच आहे.

ह्या दाराला जुन्या काळी घाट म्हणत, आणि लोहमार्ग येण्यापूर्वी शतकानुशतके ह्या घाटातून बंजाऱ्यांचे तांडे ये-जा करीत. शेकडो बैल, प्रत्येकाच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी लोंबणारी गोणी, पुढच्या बैलाच्या गळ्यातील घंटा, तांड्याचा नायक आणि मागे चालणाऱ्या, आरसे मढविलेल्या काचोळ्या ल्यालेल्या स्त्रिया, असा तो चालता गाव छत्तीसगडचे धान्य उचलून पश्चिमेस नेई आणि परतताना मीठ घेऊन येई. धान्य, मोह, चारोळी, लाख, मध, हिरडा, हे सारे येथील माणसाच्या अंगणात वा अरण्यात मिळत होते. कापड कोष्टी विणीत होता, लोखंड आगरिया भट्टीत गाळीत होता. मीठ मात्र कोणत्याही झाडाला लागत नव्हते, आणि कोणत्याही खडकातून निघत नव्हते. मध्य हिंदुस्थानच्या संबंध जंगलपट्टीत मापभर चारोळी देऊन मापभर मीठ घेण्याचा जो विनिमय आठवडी बाजारांतून चालत असे, त्याचे स्मरण आजही जुन्या माणसांच्या बोलण्यात येते. बदाम-पिस्त्यांच्या पंक्तीला बसणारी चारोळी आणि समुद्राच्या काठी पायाखाली तुडविले जाणारे मीठ एकाच मापाने मोजले जावे, ह्यात चारोळी विकणाऱ्या गोंड स्त्रीच्या भोळेपणाचा दोष काढणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्या लेकराला चारोळीवाचून जगता येत होते, मिठावाचून येत नव्हते, आणि मिठाची वाट तिच्या हाती नव्हती.

इंग्रजी अमलात ही वाट आणखी महाग झाली. मिठावरील जकात चुकू नये म्हणून सरकारने सिंधू नदीपासून महानदीच्या खोऱ्यापर्यंत हजारो किलोमीटर लांबीची एक जकातरेषा आखली होती. ती मध्यप्रांतातून जात होती, कित्येक ठिकाणी ती काटेरी झुडपांचे प्रचंड कुंपण होऊन उभी होती, आणि तिच्या चौकी-पहाऱ्यासाठी १२,००० हून अधिक माणसे चाकरीस ठेवलेली होती. मुळातच समुद्रापासून दूर पडलेल्या प्रजेभोवती सरकारने आपल्या हाताने दुसरा एक किनारा बांधावा, आणि त्या किनाऱ्यावर मिठासाठी दंडक घालावा, हा प्रकार इतका विलक्षण आहे की त्याची हकीकत आपल्या शालेय पुस्तकांत ठळकपणे यावयास हवी होती. १८७९ साली ही रेषा उठली. उठली ती दयाबुद्धीने नव्हे. मीठ जेथे पिकते तेथेच कर घेण्याची व्यवस्था एव्हाना झाली होती.

आता राज्यव्यवस्थेकडे वळू. वैनगंगेच्या ह्या खोऱ्यावर गोंड राजांची सत्ता होती, लांजीचा किल्ला हे जवळचे जुने ठाणे होते, आणि अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांनी देवगडचे राज्य गिळले तेव्हा हा मुलूखही त्यांच्या अमलाखाली आला. परंतु भोसल्यांचा अंमल मैदानात जितका घट्ट होता तितका अरण्यात नव्हता. मैदानातील गावे पटेलांकडे इजाऱ्याने देऊन सारा वसूल करणे कमाविसदाराला शक्य होते. जेथे गावापेक्षा झाडी दाट, आणि दस्ताची रक्कम वसूल करणाऱ्या शिपायांच्या खर्चाहून थोडी, तेथे सरकारने शहाणपणाने निराळी रीत पत्करली. डोंगराच्या पायथ्याची खेडी एकेका घराण्याच्या हवाली करावी, त्याने जंगल तोडून वस्ती वाढवावी, घाटाची वाट राखावी, वाटसरूंना व तांड्यांना लुटारूंपासून संरक्षण द्यावे, आणि वर्षाकाठी टकोळी म्हणून नाममात्र रक्कम भरावी, असा हा करार होता. ह्यातूनच, हा तालुका पूर्वी ज्यात होता त्या भंडारा जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर लहान-मोठ्या जमीनदाऱ्यांची एक माळ तयार झाली. कामठा, आमगाव, चिचगड, देवरी ही त्यांपैकी काही नावे, आणि त्यांचे धनी गोंड, हलबा, लोधी अशा निरनिराळ्या समाजांचे होते. ह्या जमीनदारांची खरी दौलत धानाच्या कोठारात नसून घाटाच्या तोंडाशी होती. तेथून जाणाऱ्या प्रत्येक गोणीवर त्यांचा काही ना काही हक्क पोहोचत असे.

हे लोक नेहमीच आज्ञाधारक राहिले असे नाही. १८१८ साली आप्पासाहेब भोसले परागंदा होऊन नागपूरच्या राज्याची सूत्रे इंग्रज रेसिडेंटाच्या हाती गेली, त्या धामधुमीत कामठ्याच्या चिमणा पटेलाने बंड उभारले. ते मोडून काढण्यात आले आणि ती जमीनदारी पुढे लोधी घराण्याकडे गेली. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, डलहौसीने राज्य खालसा केले, आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत नावाचा नवा सुभा निर्माण झाला. त्याचे पहिल्या काळातील चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांनी १८६३ साली ह्या जमीनदाऱ्यांची तपशीलवार पाहणी करून अहवाल लिहिला. जमीनदारांच्या सनदा कायम झाल्या, वडील मुलाकडे अविभक्त जाणारी इस्टेट असा त्यांचा दर्जा ठरला, आणि टकोळीची रक्कम कागदावर पक्की झाली. मैदानातील पटेल मालगुजार होऊन गावाचे मालक बनले. ह्या एका फेरफाराने जे गाव वहिवाटीने सर्वांचे होते ते दप्तरात एकाचे झाले. रयतेला सरपण, बांबू, गवत, शेतीच्या अवजारांचे लाकूड आणि गुरांची चराई मिळण्याचा जो परंपरागत अधिकार होता, त्याला निस्तार असे नाव मिळाले, आणि तो वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावच्या वहिवाटींच्या नोंदपत्रकात, नोंदला गेला. हक्क नोंदला गेला म्हणजे सुरक्षित झाला असे आपण समजतो. परंतु जो हक्क श्वासासारखा सहज होता तो नोंदीच्या अधीन होताच, नोंद ठेवणाराच त्याचा धनी होतो, हे ह्या अरण्यातील माणसाने पुढील शंभर वर्षे अनुभवले.

लोकांविषयी लिहिताना लेखणी थोडी रेंगाळते, कारण इतक्या लहान मुलखात इतक्या प्रकारची माणसे एकत्र नांदलेली फार थोड्या ठिकाणी दिसतात. डोंगरात गोंड. त्यांचे चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे आणि सात देवांचे असे सगे ठरलेले, आणि विवाहसंबंध त्या हिशेबानेच जुळणारे. त्यांचा भुमका गावच्या देवाचा पुजारी, आणि पेरणीपूर्वी बीज देवापुढे ठेवल्यावाचून कोणी नांगर धरत नसे. त्यांच्या शेजारी हलबा, एके काळी बस्तरकडून आलेले, आणि आपल्या हलबी बोलीत छत्तीसगडी, उडिया व मराठी यांचा संगम घेऊन आलेले. मैदानात पोवार, ज्यांच्या परंपरेत माळव्याच्या धारेचे स्मरण आहे आणि ज्यांच्या घरात पोवारी बोली आजही बोलली जाते. त्यांच्याबरोबर लोधी, मरार, तेली, कलार, गोवारी, महार. आणि पाण्याच्या काठी ढिवर, ज्याचे जाळे आणि ज्याची डोंगी तलावावाचून निरर्थक. बाजाराच्या दिवशी येथे एकाच ओळीत गोंडी, हलबी, पोवारी, छत्तीसगडी, हिंदी आणि झाडीबोली ऐकू येत, आणि सौदा मात्र सर्वांना समजेल अशाच भाषेत, म्हणजे पायलीच्या आणि कुडवाच्या भाषेत होई.

ह्या प्रदेशाचे वैभव म्हणजे धान. पश्चिम महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांपुढे शेत म्हटले की काळे रान किंवा उसाचा मळा येतो. येथील शेत म्हणजे बांधी, चहूबाजूंनी धुरे घालून पाणी अडविलेली आणि एकीचे पाणी दुसरीत उतरत जाईल अशी पायऱ्यापायऱ्यांची रचना. मृगात पऱ्हे टाकावयाचे, आषाढात चिखलणी करून रोवणा करावयाचा, रोवणाऱ्या स्त्रियांच्या रांगा गुडघाभर चिखलात मागे मागे सरत जावयाच्या, आणि त्यांच्या गाण्याच्या लयीवर हिरवे बोट चिखलात उभे राहत जावयाचे. ज्याला मनुष्यबळ नाही तो आवत्या, म्हणजे थेट बी, फेकी. हलके धान दसऱ्याच्या सुमारास, भारी धान कार्तिकात. कापणी होण्यापूर्वीच उभ्या धानाच्या ओलीत लाखोळी आणि जवस टाकून दुसरे पीक साधण्याची युक्ती येथील शेतकऱ्याला केव्हापासून ठाऊक आहे हे कोण सांगू शकेल? परंतु धानाला हस्ताचे पाणी चुकले तर संपूर्ण वर्ष चुकते, आणि म्हणून तलाव. वैनगंगेच्या खोऱ्यात कोहळी समाजाने जे तलाव बांधले, आणि पोवारांनी पाणी वाटण्याची जी कला साधली, ती इंग्रज अधिकाऱ्यांनाही थक्क करून गेली. दोन टेकड्यांमधली नेमकी जागा हेरून मातीची पाळ घालावयाची, पाण्याच्या जोरापुढे टिकेल असा तिचा उतार ठेवावयाचा, जास्तीचे पाणी एका बाजूने काढून द्यावयाचे, आणि हे सर्व कोणत्याही नकाशावाचून. पुढे मालगुजारांच्या मालकीमुळे त्यांना मालगुजारी तलाव म्हणू लागले आणि आज सर्वत्र मामा तलाव म्हणतात. बांधणाऱ्याचे नाव गळून मालकाचे नाव राहिले ह्याची मला नेहमी खंत वाटते.

आता लोहमार्ग. १८७८ च्या टंचाईने छत्तीसगडच्या धान्याची किंमत सरकारला कळली. तेथे धान्य होते, नेण्यास वाट नव्हती. नागपूर-छत्तीसगड रेल्वे ह्या नावाने मीटरगेज मार्ग सुरू झाला आणि १८८२ पर्यंत तो दरेकसाचा घाट ओलांडून राजनांदगावास पोहोचला. बंजाऱ्यांच्या बैलांनी जी वाट शतकानुशतके मळली होती, बहुतेक तीच अभियंत्यांनी निवडली, कारण डोंगराने दुसरी ठेवलीच नव्हती. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने हा मार्ग विकत घेऊन ब्रॉडगेज केला, १८९१ मध्ये तो आसनसोलशी जोडला गेला, आणि १९०० मध्ये खरगपूरमार्गे कलकत्त्याशी सरळ संबंध आला. १९०३ ते १९०५ ह्या काळात गोंदियाहून जबलपूरकडे छोटी गाडी निघाली, आणि गोंदिया हे एक खेडे पाहता पाहता जंक्शन झाले.

बंजाऱ्याचा बैल एका पिढीत निरुपयोगी झाला. नायकाचा तांडा कोठे शेतीला लागला, कोठे मजुरीला, आणि कोठे गुन्हेगार जमातीच्या यादीत जाऊन पडला. मीठ स्वस्त झाले हे खरे, आणि ते उपकार लहान नव्हते. परंतु जी गाडी मीठ घेऊन येत होती ती रिकामी परत जात नव्हती. रुळांखाली घालण्यासाठी लाकडाचे स्लीपर लागत, ते ह्याच डोंगरांतून तोडले गेले. धान लागे, ते उचलले गेले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दोन महादुष्काळांनी मध्यप्रांत उद्ध्वस्त केला, तेव्हा ह्याच मार्गाने धान्य आतही आले आणि बाहेरही गेले. वाट मोकळी झाल्याने उपासमार टळते असे जे सरकारी लेखांत म्हटले जाते, ते अर्धेच सत्य आहे. धान्य भुकेकडे जात नाही, ते भावाकडे जाते. पैसा नसलेल्या भुकेल्या माणसाच्या अंगणातूनही आगगाडी भरून जाऊ शकते. युगांडात याच सुमारास, आणि न्यासालँडात (आजचे मलावी) व अप्पर व्होल्टात (आजचे बुर्किना फासो) पुढे जे घडले, त्याचेच हे दुसरे रूप. अंतर्भागातील मुलूख जगाला जोडला जातो तेव्हा तो प्रथम कच्चा माल म्हणून जोडला जातो.

सालेकसाचा कच्चा माल म्हणजे तेंदूचे पान. हे झाड येथे कोणी लावले नव्हते, त्याचे फळ पोरे खात, आणि पानाला कोणी पुसत नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी मध्यप्रांतात विडीचा धंदा फोफावला, गुजरातेकडून आलेल्या उद्यमी व्यापाऱ्यांनी गोंदिया, तिरोडा, भंडारा येथे कारखाने काढले, आणि तंबाखू दूरून, पान जवळून, हात घरोघरचे, अशी एक विलक्षण व्यवस्था उभी राहिली. गोंदियाच्या सार्वजनिक जीवनावर ज्यांचा ठसा आहे ते मनोहरभाई पटेल ह्याच व्यवसायातून पुढे आले, आणि १९५८ साली त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था काढून पूर्व विदर्भातील मुलांना महाविद्यालयाची दारे उघडी केली. ही गोष्ट कृतज्ञतेने नमूद केली पाहिजे. अरण्यात मात्र चित्र निराळे होते. वैशाखाच्या उन्हात पहाटे चारला घराबाहेर पडावयाचे, कोवळी पाने खुडावयाची, दुपारपर्यंत सावलीत बसून पुडके बांधावयाचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागेवर, मोजून द्यावयाचे. मोजणाऱ्याच्या बोटांत किती पुडके कमी भरतील हे खुडणारीच्या हाती नसे. लाखेचेही तसेच. पळसाच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवर किडा जे लाल द्रव्य साठवी, ते गोंदियाच्या पेढ्यांतून कलकत्त्यास आणि तेथून विलायतेस जाई. पान असो वा लाख, भाव समुद्रापलीकडे ठरत होता.

पुढील राज्यव्यवस्थेची हकीकत भराभर सांगण्यासारखी आहे, कारण माणसे जागच्या जागी असता सीमा मात्र त्यांच्या डोक्यावरून पळत राहिल्या. वऱ्हाड जोडले जाऊन प्रांताचे नाव मध्यप्रांत व वऱ्हाड झाले. स्वातंत्र्यानंतर त्याचा मध्यप्रदेश झाला आणि त्याची राजधानी नागपूर राहिली. ३१ मार्च १९५१ रोजी त्याच मध्यप्रदेशच्या कायद्याने मालगुजारी आणि जमीनदारी समाप्त झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला, आणि १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. आठ तालुक्यांच्या त्या जिल्ह्यात सालेकसा अगदी पूर्वेच्या कडेला आहे. विधानसभेसाठी तो आमगाव ह्या अनुसूचित जमातींच्या राखीव मतदारसंघात आहे, आणि लोकसभेसाठी गडचिरोली-चिमूरमध्ये, म्हणजे मतपेटीच्या नकाशावर तो आपल्या जिल्ह्याच्या ठाण्याकडे पाठ करून दक्षिणेच्या अरण्याकडे तोंड करतो. बाघ प्रकल्पाच्या शिरपूर, पुजारीटोला आणि कालीसराड ह्या जलाशयांचे पाणी महाराष्ट्र व मध्यप्रदेश यांनी वाटून घेतले आहे. एके काळी एकाच प्रांतात असलेल्या दोन शेतांना आज आंतरराज्य करार लागतो.

जमीनदारी गेली तेव्हा गोरगरिबांना आनंद झाला, आणि तो योग्यच होता. परंतु जमीनदाराच्या अरण्याचे काय झाले? ते सरकारजमा होऊन वनखात्याकडे गेले. जमीनदाराच्या देवडीवर जाऊन ओरडता येत होते, राऊंड ऑफिसरच्या कागदापुढे ओरडता येत नव्हते. वाजिब-उल-अर्जातील निस्तार कागदात राहिला आणि रानात गुन्हा ठरत गेला. १९६९ च्या कायद्याने तेंदूपानाचा व्यापार राज्याच्या मक्तेदारीत आला, त्याने ठेकेदाराची मनमानी काही अंशी आवरली, पण लिलाव गावात होत नव्हता. १९८० नंतर ह्या डोंगरांवर सशस्त्र नक्षल चळवळीची छाया पडली. वाटा पुन्हा भयाच्या झाल्या, आणि घाट कोणाचा हा जुना प्रश्न बंदुकीच्या भाषेत विचारला जाऊ लागला. त्या वर्षांत दोन्हीकडून जे भरडले गेले ते मुरकूटडोहासारख्या सीमेवरच्या वस्त्यांतील लोक होते. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी मिळण्याचा मार्ग खुला केला, आणि आपल्या पानाचा लिलाव आपणच पुकारणाऱ्या ग्रामसभा पूर्व विदर्भात उभ्या राहिल्या. ज्या मुलखाला दोनशे वर्षे भाव सांगण्यात आला, त्याने स्वतः भाव सांगण्यास उभे राहणे ही माझ्या दृष्टीने ह्या प्रदेशाच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना आहे. राजे बदलण्याहून मोठी.

आणखी एका जागेविषयी लिहिल्यावाचून हे लेखन पुरे होणार नाही. दरेकसाजवळच्या डोंगरात कचारगड नावाच्या भव्य नैसर्गिक गुहा आहेत. गोंड परंपरा सांगते की काली कंकालीच्या तेहतीस मुलांना शंभूने ह्या गुहेत कोंडले आणि तिच्या तोंडावर शिळा लोटली. पहांदी पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांच्या सुटकेचा उपाय शोधला, हिरासुका पाटालीराने आपले किंगरी हे तंतुवाद्य वाजविले, त्या स्वरांनी आत कोंडलेल्या मुलांच्या अंगात बळ आले, शिळा हलली, मुले बाहेर पडली आणि हिरासुका मात्र त्या शिळेखाली सापडला. लिंगोने त्या मुलांना विद्या दिली, त्यांचे सगे ठरविले, आणि गोंडांचा समाज उभा राहिला.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांच्या तोंडून लिंगोचे गीत उतरून घेतले होते. १८६३ मध्ये त्यांचा अपघाती मृत्यू झाल्यावर त्यांची टिपणे १८६६ साली प्रसिद्ध करण्याचे काम केले ते रिचर्ड टेंपल यांनीच. ज्या हातांनी जमीनदारांच्या घाटांची आणि टकोळीची मोजदाद केली, त्याच हातांनी कोंडलेल्या लेकरांच्या सुटकेची कथा छापून ठेवली. त्या गीतात काचीकोपा लोहागड असे स्थळनाम येते, आणि ते हेच कचारगड होय, अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे. १९८० च्या दशकात नागपूरचे संशोधक मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या स्थानाचा माग काढून येथे यात्रा पुन्हा भरविण्यास आरंभ केला, तेव्हा जमलेली माणसे थोडी होती.

आज माघ पौर्णिमेच्या सुमारास मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा, झारखंड येथून लाखो लोक येतात. दरेकसाच्या लहानशा फलाटावर गाडी थांबते आणि डब्याडब्यांतून पिवळे फेटे, पिवळी लुगडी, सप्तरंगी निशाणे उतरू लागतात. एकाची भाषा दुसऱ्याला पुरती कळत नाही, पण देव किती हे विचारले की नाते कळते. धनेगावपासून पायवाट चढते. म्हाताऱ्या बाया डोक्यावर शिधा घेऊन चालतात, आणि त्या गाठोड्यात तांदळाबरोबर, कोपऱ्यात बांधलेली, मिठाची पुडी असते. गुहेच्या तोंडाशी पोहोचल्यावर बाहेरच्या उन्हातून आत पाहिले की काही दिसत नाही. थोडे थांबावे लागते, मग वरच्या विवरातून उतरलेला प्रकाश खडकांवर दिसू लागतो, आणि आतून कोणीतरी वाजवीत असलेल्या किंगरीचा आवाज येतो.